लॅपटॉप की टॅब्लेट? आधी प्रकृती पाहू या



औषध लिहिण्याआधी रोग्याची प्रकृती पाहावी, हा वैद्यकातला फार जुना आणि साधा नियम आहे. ताप एकच असला, तरी मूत्रपिंडाचा विकार असलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांना आणि त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाला आम्ही एकच मात्रा देत नाही. घरातल्या ज्येष्ठांसाठी संगणक आणताना मात्र हा नियम क्वचितच पाळला जातो. किंमत किती, पडदा किती इंचांचा, सवलत किती, याची चौकशी होते. ज्या बोटांनी ते यंत्र चालवायचे, ज्या डोळ्यांनी वाचायचे आणि ज्या मानेने त्याच्याकडे वाकून पाहायचे, त्यांची चौकशी कोणी करत नाही. चार दिवस कौतुक होते, पाचव्या दिवशी मान दुखू लागते आणि महिन्याभरात ते यंत्र खोक्यासह कपाटावर जाऊन बसते. घरातले म्हणतात, “आता या वयात त्यांना जमत नाही.” हळूहळू ज्येष्ठांनाही ते खरे वाटू लागते.

माझा अनुभव असा, की अशा घरांत वयाचा दोष फार थोडा असतो. बहुधा यंत्राचा प्रकार प्रकृतीला न मानवणारा असतो. हे प्रकार नीट समजून घेतले आणि आपले शरीर त्यांच्याशी ताडून पाहिले, तर निवड अवघड राहत नाही. आज आपण तेच करू या.

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातले दिघोरी हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. इथल्या अनेक घरांत आता दोन वृद्ध माणसेच राहतात. मुले नागपूर, पुणे, हैदराबादला गेलेली असतात. एखाद्या तज्ज्ञाला दाखवायला नागपूर गाठायचे, तर अख्खा दिवस मोडतो. अशा घरात वाहून नेता येईल असा संगणक ही चैन नव्हे. नातवाचे तोंड पाहणे, तपासणीचे अहवाल वाचणे, डॉक्टरांशी बोलणे, निवृत्तिवेतनाची कामे पाहणे, ही सारी कामे त्याच्यावर होऊ शकतात. दुसऱ्याच्या सवडीची वाट न पाहता ती स्वतः करता येणे, याला उतारवयात आरोग्याइतकेच मोल आहे.

आमच्याकडे या विषयाची सुरुवात शब्दापासूनच गमतीशीर होते. “मुलानं टॅब्लेट पाठवली जी,” असे एखाद्या आजींनी सांगितले, की माझा पहिला प्रश्न असतो, “कशाची?” रक्तदाबाची की मधुमेहाची, हे विचारेपर्यंत आजी पिशवीतून काचेची काळी पाटी काढून टेबलावर ठेवतात. तेव्हा आधी नावे सरळ करून घेऊ.

लॅपटॉप म्हणजे वहीसारखा उघडणारा संगणक. एका पानावर पडदा, दुसऱ्यावर कळफलक, आणि मधोमध बाण हलवण्यासाठी बोट फिरवायची चौकोनी जागा. ‘नोटबुक’ हे त्याचेच दुसरे नाव. दुकानात दोन नावे ऐकून गोंधळू नये. पंधरा इंची पडद्याचा लॅपटॉप साधारण पावणेदोन ते दोन किलो भरतो. बारीक, हलके आणि महाग लॅपटॉप सव्वा किलोच्या आसपास असतात. २००७ नंतरच्या काही वर्षांत ‘नेटबुक’ नावाचे छोटे, स्वस्त लॅपटॉप निघाले होते. ते आता बाजारातून गेले. मात्र मुलाने कॉलेजात वापरलेले एखादे नेटबुक वडिलांकडे येऊन पडलेले अजूनही दिसते. त्याच्या कळा लहान आणि अक्षरे बारीक, म्हणून ज्येष्ठांना ते सहसा सोसत नाही. ‘क्रोमबुक’ दिसायला लॅपटॉपच असतो, पण त्याची बहुतेक कामे इंटरनेटवर चालतात. २०११ पासून तो मिळतो. तो साधा आहे, त्याची निगाही फारशी लागत नाही. पण जिथे इंटरनेट वारंवार तुटते, तिथे त्याचा हातही आखडतो.

टॅब्लेट म्हणजे मोठ्या मोबाइलसारखी पाटी. कळफलक वेगळा नाही. जे करायचे ते काचेला बोट लावून. २०१० मध्ये आयपॅड आला आणि हा प्रकार घराघरांत पोचला. दहा-अकरा इंची टॅब्लेट साधारण अर्धा किलोचा असतो. शेवटचा प्रकार ‘टू-इन-वन’, म्हणजे दोन्हींचा मेळ. त्यातही दोन जाती आहेत. एकात पडदा मागे पूर्ण वळतो, पण कळफलक सुटत नाही. म्हणजे टॅब्लेटसारखा हातात धरला, तरी वजन लॅपटॉपचेच राहते. दुसऱ्यात पडदा कळफलकापासून सुटा होतो आणि खरोखर हलका होतो. दोघांनाही दुकानात एकच नाव आहे, पण अशक्त मनगटाला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

ही यंत्रे माणसाच्या शरीराकडे हळूहळू सरकत आली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेला ‘ऑस्बोर्न १’ हा वाहून नेण्याजोगा म्हणून गाजलेला पहिल्या काही संगणकांपैकी एक. त्याचे वजन सुमारे ११ किलो आणि पडदा फक्त पाच इंचांचा! हातात मूठ धरून तो उचलता येई, म्हणून ‘वाहून नेण्याजोगा’ म्हणायचे. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून बोलके आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरातच्या धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमातील एक्सओ नावाचे छोटे लॅपटॉप मिळाले. आपल्या देशातला त्या उपक्रमाचा तो सुरुवातीचा प्रयोग. ते यंत्र लहान मुलांसाठी मुद्दाम घडवलेले होते. भर उन्हात वाचता येईल असा पडदा, पडदा वळवून पाटीसारखे धरण्याची सोय, उचलायला मूठ, आणि कळफलक रबरी, धूळ-पाणी आत जाऊ न देणारा. त्याच्या कळा मुलांच्या बोटांच्या मापाच्या होत्या; मोठ्या माणसाची दोन बोटे त्यावर एकमेकांना अडत.

त्या यंत्राच्या पुढच्या वाटचालीबद्दल मतमतांतरे आहेत, पण घडवणाऱ्यांनी आधी वापरणाऱ्याचे हात, डोळे आणि त्याचे गाव पाहिले, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्येष्ठांसाठी असे मुद्दाम घडवलेले यंत्र दुकानात सहसा मिळत नाही. म्हणून जे मिळते त्यातून मापाचे शोधणे, हे काम आपल्यालाच करावे लागते.

सुरुवात डोळ्यांपासून करू. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि वाचनाचा चष्मा लागतो. हा चष्मा साधारण ४० सेंटीमीटर अंतरासाठी, म्हणजे हातात पोथी धरावी तेवढ्या अंतरासाठी दिलेला असतो. टॅब्लेट आपण तेवढ्याच अंतरावर धरतो, म्हणून जुना चष्मा चालतो. लॅपटॉपचा पडदा मात्र ५० ते ६५ सेंटीमीटर लांब असतो. वाचनाच्या चष्म्यातून तो धूसर दिसतो, आणि माणूस नकळत पुढे वाकतो. बायफोकल चष्मा असेल, तर जवळचे भिंग खाली असते. त्यातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर उचलून मान मागे टाकावी लागते. तासभर अशी मान ठेवली, की मानेच्या मणक्यांची झीज असलेल्या माणसाला रात्री खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या येतात. मीही आता बायफोकल वापरणाऱ्यांपैकी आहे, म्हणून ही मान उचलण्याची सवय मला चांगली ओळखीची आहे.

उपाय सोपा आहे. लॅपटॉप जिथे ठेवणार, तिथे बसून डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर शिंप्याच्या फितीने मोजा आणि चष्मा करताना तो आकडा नेत्रतपासनिसाला सांगा. त्या अंतराचा साधा, एका भिंगाचा वेगळा चष्मा मिळतो. तो करायचा नसेल, तर टॅब्लेट बरा. मोतीबिंदू असलेल्यांना चकचकीत काचेवर खिडकीचा उजेड पडला, की काहीच दिसत नाही. त्यांनी खिडकी बाजूला राहील असे बसावे. चकाकी नसलेला पडदा काही लॅपटॉपना मिळतो; टॅब्लेटला वरून तसा पापुद्रा लावता येतो. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. अंगणातले कडुलिंबाचे झाड त्यासाठी उत्तम.

आता मानेकडे येऊ. लॅपटॉपचा मूळ दोष असा, की त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवले तर मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात अधांतरी राहतात. रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त काम करायचे असेल, तर लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवा आणि कळफलक व माऊस वेगळे जोडून घ्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे; बायफोकल असेल तर तीही थोडी खाली. टॅब्लेट मांडीवर ठेवून पाहिला, तर मान लॅपटॉपपेक्षाही जास्त वाकते. म्हणून टॅब्लेट घेताना त्याच्यासाठी तिरके उभे राहणारे भक्कम स्टँड त्याच वेळी घ्यावे. पलंगावर उताणे पडून तोंडावर टॅब्लेट धरण्याची सवय नातवंडांना शोभते. आपला हात थकला, की तो थेट नाकावर येतो.

बोटांची गोष्ट आमच्या भागात फार महत्त्वाची आहे. आजच्या टॅब्लेटच्या काचेला दाब कळत नाही; बोटातून होणारा विजेचा अगदी सूक्ष्म फरक तिला कळतो. त्वचा ओलसर आणि मऊ असेल, तर हा फरक लगेच जाणवतो. पण वयाबरोबर त्वचा कोरडी होते. त्यात चाळीस वर्षे रोवणी-कापणी केलेल्या हातांच्या बोटांना जाड घट्टे पडलेले असतात. अशा बोटाने काच कितीही जोराने दाबली, तरी ती दाद देत नाही. मग आजोबा आणखी जोराने दाबतात आणि म्हणतात, “हे आपल्यासाठी नाही.” ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेला पहिला ‘आकाश’ टॅब्लेट दाब ओळखणाऱ्या पडद्याचा होता. तो मंद म्हणून त्यावर टीका झाली. पुढच्या आवृत्तीच्या कामात मुंबईची आयआयटी उतरली आणि पडदाही आजच्यासारखा झाला. तरुण बोटांना तो बदल सोयीचा ठरला. घट्टे पडलेल्या बोटांसाठी मात्र आपल्याला सोय करावी लागते. हाताला खोबरेल किंवा साधे मलम चोळून मग नीट पुसून घेतले, की बोट चालू लागते. न जमल्यास रबरी टोकाची लेखणी मिळते. तीही रुचली नाही, तर खऱ्या कळांचा लॅपटॉपच बरा. कळ दाबली की ती खाली जाते आणि ‘टक’ असा आवाज होतो. आपण काही केले आणि ते यंत्राला कळले, ही खात्री ज्येष्ठांना फार धीर देते.

हात थरथरत असेल, तर थरथर कोणती, हे आधी पाहावे लागते. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची थरथर हात स्वस्थ असताना जास्त असते आणि काम करू लागले की बरेचदा कमी होते. दुसरी एक थरथर, जी अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालते, ती पेला उचलताना किंवा काही नेमके करताना वाढते. या दुसऱ्या थरथरीत टॅब्लेटची काच छळते, कारण एका जागी बोट लावायचे तर ते तीन जागी लागते. अशांनी टेबलावर मनगट टेकवून चालवता येईल असा मोठ्या कळांचा कळफलक घ्यावा. टॅब्लेटच असेल, तर त्याच्या ‘सुलभता’ या विभागात थोडा वेळ टिकलेलाच स्पर्श मानावा आणि लागोपाठचे स्पर्श सोडून द्यावेत, अशी सोय असते. ती एकदा कोणाकडून तरी लावून घ्यावी.

एका निवृत्त गुरुजींचे उदाहरण सांगतो. त्यांना कंपवात आहे. आयुष्यभर फळ्यावर मोत्यासारखे अक्षर काढणाऱ्या या माणसाचे अक्षर त्या आजाराने लहान होत गेले. “डॉक्टर, अक्षर मुंगीएवढं झालं जी,” असे ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात आजारापेक्षा मोठे दुःख होते. गावातले जुने तलाव, दंडारीचे फड, शाळेच्या पहिल्या इमारतीची हकिकत त्यांना लिहून ठेवायची होती. मुलाने टॅब्लेट पाठवला होता आणि ‘नुसते बोला, तो लिहून घेईल’ असे सांगितले होते. मराठी बोलणे ऐकून लिहिण्याची सोय आज खरोखर चांगली आहे. पण कंपवातात आवाजही क्षीण आणि एकसुरी होतो. गुरुजींचे अर्धे शब्द त्या यंत्रापर्यंत पोचतच नसत. त्यांना लॅपटॉपचा कळफलक दिला, कळ चुकून जास्त वेळ दाबली गेली तरी अक्षर पुन्हा पुन्हा उमटू नये अशी सोय लावली आणि औषधाचा अंमल चांगला असतो ती सकाळची वेळ लिहिण्यासाठी ठरवली. आता ते दिवसाला अर्धे पान लिहितात. पडद्यावरचे अक्षर मुंगीएवढे होत नाही, याचे त्यांना जे समाधान आहे, ते माझ्या कोणत्याही गोळीने दिले नसते.

लकवा झालेल्या माणसाचा हिशेब आणखी वेगळा. टॅब्लेट एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने चालवायचा असतो. ज्याचा एकच हात चालतो, त्याला स्टँडशिवाय तो निरुपयोगी आहे. लॅपटॉप स्वतः उभा राहतो, पण त्यात काही कामांसाठी दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. त्या एकामागून एक दाबल्या तरी चालाव्यात, अशी सोय विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ या नावाने आहे. डाव्या अंगाचा लकवा झालेल्या काही रुग्णांचे डावीकडच्या गोष्टींकडे लक्षच जात नाही. त्यांचा पडदा सुरुवातीला थोडा उजवीकडे ठेवावा. ज्यांची वाचा गेली आहे, पण समज शाबूत आहे, त्यांच्यासाठी मात्र टॅब्लेट मोलाचा आहे. पाणी, शौच, दुखते, पंखा, अशी चित्रे त्यावर मोठी करून ठेवता येतात. नवऱ्याची एकटीने सेवा करणाऱ्या एका बाईंनी मला सांगितले, “आता ते बोट दाखवतात, मला ओळखत बसावं लागत नाही.” काळजी घेणाऱ्यांचा शीणही अशाने हलका होतो.

काही सूचना निव्वळ डॉक्टर म्हणून. ‘लॅपटॉप’ या शब्दाचा अर्थ मांडीवरचा असला, तरी तो उघड्या मांडीवर ठेवू नये. त्याच्या बुडाची ऊब रोज लागली, तर त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडतात. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांना ती ऊब कळतही नाही. लॅपटॉप गादीवर किंवा वाकळेवरही नको. खालची भोके बुजतात आणि तो तापतो. टॅब्लेटला बहुधा पंखा नसतो. बहुतेक उत्पादक ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापर करायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. भर दुपारी पत्र्याखाली यंत्र ठेवू नये. त्याची पाठ फुगलेली दिसली, तर बॅटरी बिघडली आहे असे समजून चार्जिंग लगेच थांबवावे.

हृदयात पेसमेकर किंवा धक्का देणारे यंत्र बसवलेल्यांनी टॅब्लेट छातीवर ठेवून झोपू नये. काही टॅब्लेटमध्ये आणि त्यांच्या झाकणांत चुंबके असतात. छातीपासून वीतभर अंतर राखावे. आणि चार्जरची वायर येण्याजाण्याच्या वाटेत कधीच नको. खुब्याचे हाड मोडायला तेवढे एक अडखळणे पुरते.

डॉक्टरांशी पडद्यावर बोलायचे असेल, तर दोन्ही यंत्रांचे गुण वेगळे आहेत. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम जाहीर झाले आणि त्याच एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा रुग्णांसाठी घरबसल्या खुली झाली. बोलणेच करायचे असेल, तर लॅपटॉप सोयीचा: तो टेबलावर उभा राहतो, हात मोकळे राहतात, पती-पत्नी दोघेही दिसतात. पण पायाची जखम, अंगावरचे चट्टे किंवा गोळ्यांचे पाकीट दाखवायचे असेल, तर लॅपटॉपचा कॅमेरा पडद्यावरच बसवलेला असल्याने पंचाईत होते. मधुमेह्याचा तळवा दाखवायला टॅब्लेट किंवा साधा मोबाइलच हवा. त्यांचा मागचा कॅमेरा अधिक स्पष्टही असतो. कमी ऐकू येणाऱ्यांनी यंत्राच्या बारीक आवाजावर विसंबू नये. वयाने आधी उंच स्वर ऐकू येणे कमी होते, म्हणून बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत. कानावर बसणारे चांगले हेडफोन दोन्ही यंत्रांना लागतात.

खेड्यातल्या वाचकांसाठी एक बाब मुद्दाम सांगतो. टॅब्लेट दोन तऱ्हांचे असतात: एकात सिमकार्ड बसते, दुसऱ्यात फक्त वाय-फाय चालते. शहरातल्या मुलाच्या घरी वाय-फाय असते, म्हणून तो स्वस्त पडणारा दुसरा घेऊन पाठवतो. गावात तो मोबाइलच्या इंटरनेटला जोडावा लागतो, आणि ते रोज कोण जोडून देणार? घरी वाय-फाय नसेल, तर सिम बसणाराच टॅब्लेट घ्यावा. लॅपटॉपमध्ये सिमची सोय क्वचितच असते. वीज वारंवार जात असेल, तर टॅब्लेटचे पारडे जड. तो छोट्या पॉवरबँकवरही भरता येतो. आणि घरातला जुना लॅपटॉप आजोबांना देणार असाल, तर त्यावर विंडोज १० आहे का ते पाहा. त्याची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे थांबली आहे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार नकोत.

केवळ हयातीच्या दाखल्यासाठी लॅपटॉप घ्यायचा विचार असेल, तर थांबा. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला सुरू आहे. सुरुवातीला त्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळे टिपणारे उपकरण लागे, आणि शेतात झिजलेल्या बोटांचे ठसे नीट उमटत नसत. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. त्यासाठी चांगल्या कॅमेऱ्याचा अँड्रॉइड मोबाइल पुरतो. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमनही हे काम घरी येऊन करून देतात. कधी कधी योग्य उत्तर ‘काहीच नवे घेऊ नका’ हेही असते. औषधांच्या बाबतीतही मी हे अनेकदा सांगतो.

काळजीवाहकांसाठी दोन शब्द. विस्मृतीचा आजार असलेल्या माणसाला दहा कामांचे यंत्र देऊ नका. टॅब्लेटवर दोनच चित्रे ठेवा: मुलीचा फोटो, ज्याला बोट लावले की तिचा फोन लागेल, आणि आवडीची भजने. यंत्राची जागा बदलू नका, त्यावरची मांडणीही बदलू नका. आणि ज्यांची बुद्धी शाबूत आहे, त्यांच्या हातातून यंत्र ओढून ‘थांबा, मी करून देतो’ म्हणू नका. शेजारी बसा आणि त्यांचे बोट त्यांना लावू द्या. पहिल्या दिवशी एकच काम, तेही त्यांच्या आवडीचे. पासवर्ड त्यांचा असू द्या. मात्र फोनवर कोणी पोलीस म्हणून ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगू लागला, तर अशी अटक कायद्यात नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा आणि १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक यंत्राच्या पाठीवर मोठ्या अक्षरात चिकटवा.

तेव्हा, खरेदीला जाताना मुलांना एकटे पाठवू नका. स्वतः जा, आपला नेहमीचा चष्मा लावून जा. यंत्र दोन्ही हातांनी उचलून दोन मिनिटे धरा. आपल्या बोटाने काच दाद देते का, कळा सापडतात का, अक्षर मोठे करून वाचता येते का, हे खुर्चीत बसून पाहा. अक्षरे वाचायची, फोटो आणि माणसे पाहायची, जखम दाखवायची, तर टॅब्लेट. लिहायचे, हिशेब ठेवायचे, हात थरथरतो किंवा बोटांना घट्टे आहेत, तर लॅपटॉप. दोन्ही लागत असेल, तर कळफलक सुटा होणारा टू-इन-वन. दुकानदाराला घाई असेल, तर उद्या या. प्रकृती आपली आहे. ती सांगायला संकोच कसला?